प्रगल्भा आणि मुग्धा यांना वेगळे करू नये

मी, सुशील रुपराव ढोमणे, वय वर्षे सत्तावन्न, व्यवसाय शाळेत संस्कृत शिकवणे, राहणार सक्करदरा, नागपूर, माझ्यामागे कोणी तर्क लढवत बसू नये म्हणून हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने व राजीखुशीने लिहून ठेवतो. येत्या मंगळवारी माझ्या हृदयावर शस्त्रक्रिया आहे. हृदय बिघडले आहे, डोके नाही. तसा डॉक्टरांचा दाखला जोडला आहे. डोक्याबद्दल विद्यार्थ्यांचे मत निराळे असू शकते.

१. माझी संस्कृत पुस्तके शाळेच्या ग्रंथालयाला द्यावीत. मोठा शब्दकोश माझे सहकारी कृष्णकांत यांना द्यावा. तो एकोणीस वर्षांपासून त्यांच्याच घरी असल्याने फक्त मालकी पोचवायची आहे.

२. माझ्याकडे दोन गिनीपिग आहेत. थोरली प्रगल्भा, वय चार वर्षे; धाकटी मुग्धा, वय पाच महिने. मधली मध्या दिवाळीआधी वारली. नावे संस्कृत काव्यशास्त्रातल्या नायिकाभेदातून (मुग्धा नवखी, मध्या मधली, प्रगल्भा मुरलेली) घेतली आहेत, स्वभाव तसे निघतील याची हमी नव्हती. दोघी माझी थोरली बहीण प्रेमलता मारोतराव बोरकुटे (म्हणजे ताई, सध्या राहणार माझ्याच घरी) हिच्याकडे राहाव्यात. त्यांना वेगळे करू नये. एक गेल्यास दुसरीला सोबत आणावी, पण आम्ही आणली तशी नव्हे. आम्ही कशी आणली ते लिहून ठेवणे भाग आहे.

मध्या गेल्यावर प्रगल्भा खाईना. मी मुग्धेला आणले. ताई दारात ताट घेऊन उभी. मी म्हटले, "ताई, हे काय?"

"काहून गा, नव्या सुनेले तसंच आत घेतेस का? मारोतरावच्या घरी मले असंच घेतलं होतं."

तिने मुग्धेवरून भाकरतुकडा ओवाळून टाकला, वाटीभर तांदूळ तिच्या पायाने सांडवले (तिने त्यातले थोडे खाल्लेही) आणि नेऊन थेट प्रगल्भेच्या पिंजऱ्यात सोडले. प्रगल्भेने दात वाजवले. मी त्याला स्वागत समजलो. मिनिटभरात मुग्धेच्या कानातून रक्त आले.

पशुवैद्य डॉ. अस्मिता यांनी कान शिवला आणि आमची शिकवणी घेतली. थोरलीच्या घरात धाकटीला कधीही सोडायचे नाही. आधी शेजारशेजारच्या पिंजऱ्यांत ठेवायचे. मग दोघींना अशा तिसऱ्या जागी न्यायचे, जिथे दोघीही पाहुण्या. मधोमध गवताचा ढीग. खायला दोन वाट्या. लपायला दोन खोकी, प्रत्येकाला दोन दारे, म्हणजे कोणी कोंडीत सापडत नाही. पाठलाग, कुरकूर, पाठ फिरवणे चालू द्यायचे. रक्त आल्याशिवाय माणसाने मध्ये पडायचे नाही.

खालच्या मजल्यावरच्या मधुकररावांनी आपली बैठक दिली. तासभर प्रगल्भेने मुग्धेला पळवले. ताई तोंडाला पदर लावून बसली होती, "सोड न गा, मारून राहिली ते तिले," म्हणत. मी हात मांडीखाली घेऊन बसलो. मग दोघी एकाच जुडीतला सांबार खाऊ लागल्या (पुणेकरांनी कोथिंबीर वाचावे). आम्ही पिंजरा घासून, सगळे सामान हलवून ठेवले, म्हणजे परत आल्यावर तो दोघींना सारखाच नवा वाटला.

३. राहती सदनिका माझी स्वकष्टार्जित आहे. ती ताईला द्यावी, तिच्या पश्चात तिचा मुलगा विक्रम व सून मयुरा यांना समान हिश्श्याने.

मात्र ताईने इथे एकटीने राहू नये. विक्रम तिला खापरखेड्याच्या वीज केंद्रातल्या आपल्या क्वार्टरवर न्यायला बघेल. नेऊ नये. तीन वर्षांपूर्वी मारोतराव गेल्यावर मीच त्याला म्हणालो होतो, आईला तुझ्या घरी घेऊन जा. ताई अकरा दिवस राहिली. सासू-सुना एकमेकींना एक शब्द उणा बोलल्या नाहीत. मयुरा हळदीचा डबा खाली ठेवायची, ताई वर. बाराव्या दिवशी ताई पिशवी घेऊन माझ्या दारात. "काही झालं नाही," म्हणाली, आणि तीन वर्षे तेच म्हणते. मयुरालाही ताईच्या घरात आणून बसवू नये. चूक दोघींचीही नव्हती. पिंजरा मी निवडला होता.

म्हणून विनंती अशी, की ही सदनिका भाड्याने द्यावी आणि तिघांनी तिसरीकडे घर घ्यावे, जिथे कोणाचाच डबा आधीपासून ठेवलेला नाही. विक्रमने मध्ये पडू नये.

४. हा मसुदा शुक्रवारी मी ताईला व मयुराला वाचून दाखवला. विक्रम ड्युटीवर होता. ताईने विचारले,

"म्हंजे तू मेल्यावर मी घर पाहू?"

"तसा अर्थ होतो."

"आन् सामान कोन बांधून देईन? तू तर मेलेला राहशीन."

मयुरा म्हणाली, "आई, मग आधीच पाहून घेऊ ना. दवाखान्यातून मामांना कुठं आणायचं, तेही ठरून जाईल."

"तुले चालते का वं, माह्यासंग राहणं?"

"माहीत नाही, आई. तुम्हाला?"

"मले तरी कुठं माहीत हाय," ताई म्हणाली आणि चप्पल घालायला उठली.

काल दोघींनी धरमपेठेत एक घर पाहिले. स्वयंपाकघरातला ओटा लांब आहे असे दोघींनी मला वेगवेगळे येऊन सांगितले. एक तारखेपासून ठरले आहे. त्यामुळे कलम तीनमधील विनंती माझ्या मरणाची वाट न पाहता अमलात आली असून, मृत्युपत्र करणारा वाचल्यास तो त्या घरात कोणत्या खोलीत राहील, याची तरतूद या दस्तात नाही. ते त्या दोघी ठरवतील.

सही: सुशील रुपराव ढोमणे

साक्षीदार: (१) मधुकरराव, तळमजला, बैठकीचे मालक. (२) डॉ. अस्मिता, पशुवैद्य. कृष्णकांत यांना शब्दकोश मिळत असल्याने त्यांची साक्ष घेतलेली नाही. ते रागावले आहेत.

नागपूर, रविवार, १६ नोव्हेंबर २०२५