बाबांचा उजवा हात

९ जून

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

पत्र अशासाठी की, फोनवर तू दोन मिनिटांत मुलांच्या अभ्यासावर घसरतेस आणि माझं सांगायचं राहून जातं. आमच्या प्रोग्रॅमचं प्रात्यक्षिक काल पार पडलं. घरच्या संगणकावर बसवलेला कॅमेरा हाताची हालचाल टिपतो. हात बाजूला नेला की पान उलटतं, मूठ मिटली की गाणं थांबतं. माउस नको, कीबोर्ड नको. विकत घेणारे पाहुणे खूश होऊन गेले. लहानपणी तू म्हणायचीस ना, हा कामाच्या नावाने नुसते हातवारे करतो? बघ, आता त्याचाच पगार मिळतो.

बाबांनाही मुद्दाम नेलं होतं. गेले सहा आठवडे रोज सकाळी ते कॅमेऱ्यासमोर बसून हात हलवत होते, प्रोग्रॅमला शिकवायला. पण काल मध्येच उठून गेले. घरी येऊन पाहतो तर टेबलावर चिठ्ठी, ताईकडे जातो म्हणून. डोकं दुखलं असेल. जेवतायत ना नीट?

भाऊजींना नमस्कार, पोरांना धपाटे. लोभ आहेच, तो राहू दे.

तुझा
बारक्या

१५ जून

चि. बारक्यास,
आशीर्वाद, पण आज जरा हात आखडूनच.

डोकं म्हणे! बाबांचं डोकं ठणठणीत आहे. चार दिवस ते पेपर तोंडासमोर धरून बसले. परवा माझ्याबरोबर भाजी निवडता निवडता सगळं बाहेर आलं. पाहुण्यांना गंमत म्हणून तू पडद्यावर, प्रोग्रॅम अजून कच्चा होता तेव्हाचा, एक थरथरता हात दाखवलास. त्याच्यामागे तो माउसचा असतो तसला बाण सैरावैरा पळायला लागला, सगळे खो खो हसले आणि तूही हसलास. इथवर मी एक वेळ पोटात घातलं असतं. पण कुणीतरी विचारलं, हात कुणाचा, तर तू म्हणालास, होते कुणी एक म्हातारे, नमुन्यासाठी बोलावलेले. आणि बाबा मागच्या खुर्चीत बसलेले! अरे, जनाची नाही तर मनाची तरी?

कापडावर कात्री हलायला लागली त्या महिन्यात त्यांनी दुकान सोडलं. पस्तीस वर्षांचा कटिंग मास्तर, पण कारण मालकाला सांगितलं नाही. माझ्या सासरी ते चहा घेत नाहीत, कप वाजेल म्हणून. तो हात त्यांनी एकट्या तुझ्यापुढे धरला. मला फोनवर सांगायचे, पोराच्या मशीनला मी शिकवतोय, आणि आवाजात काय तो तोरा!

रविवारी ते घरी येतायत. तोंडात मिठाची गुळणी धरून बसू नकोस. एवढंच.

ताई

२२ जून

ती. ताईस,
सा. न. लिहायला तोंड नाही, तरी लिहितो.

तू लिहिलंस ते अक्षर न अक्षर खरं आहे. आणि त्याहून वाईट ते तुम्हा दोघांनाही ठाऊक नव्हतं. शिकवण्यासाठी आम्ही हालचालींचे दोन फोल्डर करतो, एक ‘बरोबर’, एक ‘चूक’. ‘चूक’मध्ये जे असतं त्याकडे लक्ष द्यायचं नाही, हे प्रोग्रॅम शिकतो. बाबांचे नमुने मी पहिल्या दिवसापासून ‘चूक’मध्ये टाकत आलो. चुकीचे नमुने कमी पडत होते, म्हणून त्यांना रोज बसवत राहिलो. ते विचारायचे, जमतंय का रे? मी म्हणायचो, झकास.

आणि त्या दिवशी तसं का बोललो? त्या कडक इस्त्रीच्या माणसांपुढे मला बाबांच्या हाताची लाज वाटली. लिहून टाकलं एकदाचं.

तुझं पत्र मिळालं त्याच दिवशी साहेबांना सांगितलं, तो हात माझ्या वडिलांचा. ते बरं म्हणाले आणि फोन घ्यायला गेले. मग बाबांचे सगळे नमुने मी ‘बरोबर’मध्ये हलवले आणि प्रोग्रॅमला नव्याने शिकवलं. तीन दिवस गेले. आता हात कितीही थरथरला तरी बाण जागचा ढळत नाही.

काल बाबा आले. मी पाय धरले, फोल्डरसकट सगळं सांगितलं. शांतपणे ऐकून घेतलं त्यांनी. म्हणाले, होतं असं कधी कधी, आणि मी जेवलो का ते विचारलं. मी संगणक त्यांच्यापुढे ठेवला, म्हटलं, आता तुमच्या हाताने चालतो, एकदा बघा तरी. नको नको म्हणत होते. फार आर्जवं केली तेव्हा चष्मा लावला, कॅमेऱ्यासमोर नीट बसले आणि हात पुढे केला. पान उलटलं. छान झालंय म्हणाले, मनापासून म्हणाले.

डावा हात होता गं. तो कधीच थरथरत नाही. उजवा त्यांनी टेबलाखाली ठेवला होता, मला दिसू नये म्हणून.

लोभ मागायला जीभ रेटत नाही. असला तर असू दे.

बारक्या