दोन संध्याकाळींचं काम

५ फेब्रुवारी, रविवार
आजपासून नवीन पर्व. ही वही फक्त माझ्यासाठी. पुढे कोणी इतिहास लिहायला घेतला तर तारखा बरोबर असाव्यात, एवढाच हेतू.

आमच्या गेमचं नाव ‘काउंटर’. औषधाच्या दुकानात गिऱ्हाइकं येतात, आपण त्यांना औषध द्यायचं आणि त्यांचं ऐकून घ्यायचं. गोष्ट बायकोची. ती स्वतः औषधाच्या दुकानात काउंटरवर उभी असते, त्यामुळे माणसं तिच्याकडे आयतीच येतात. चित्रं मेहुण्याची; तो शाळेत चित्रकला शिकवतो. बाकी सगळं, म्हणजे खरा गेम, माझा.

१२ मार्चला सगळ्या तऱ्हेच्या खेळांचं प्रदर्शन आहे. तिथे खेळ काढणाऱ्या एक प्रकाशकबाई टेबलाटेबलावर फिरतात आणि एखादाच खेळ उचलतात. बायको दोन वर्षं ही माणसं लिहितेय. तिने रजाही टाकली आहे.

काल ती म्हणाली की गेममधले खोकल्यावाले आजोबा ‘बसतो’ म्हणतात त्याऐवजी ‘बसू का जरा?’ म्हणायला हवेत. मी म्हटलं, एक शब्द बदलला तरी पूर्ण प्रोग्राम परत कंपाइल करावा, म्हणजे यंत्राच्या भाषेत नव्याने बांधावा लागतो, चहा टाक. तिने चहा टाकला, प्यायली, कप विसळला, आंघोळ करून आली. तोवर कंपाइल चालूच.

म्हणून ठरवलं: गेमच्या पोटात एक इंटरप्रिटर बसवायचा. इंटरप्रिटर म्हणजे दुभाषा. बायकोने साध्या फाइलमध्ये लिहायचं, त्याने ते जागच्या जागी वाचून गेमला सांगायचं. कंपाइल नको, मी नको. दोन संध्याकाळींचं काम.

शिवाय: रोज चालायला जाणे. चहा दोनच वेळा.

६ फेब्रुवारी
ऑफिसात, म्हणजे वजनकाट्यांच्या कंपनीत, शेजारच्या टेबलावरच्या शंकासुराला प्लॅन सांगितला. त्याला सगळे शंकासुर म्हणतात कारण तो शंका काढल्याशिवाय पाणीही पीत नाही. तो म्हणाला, नुसती वाक्यंच बदलायची असतील तर साधी टेक्स्ट फाइल वाचली तर नाही का चालणार? दुभाषा कशाला?

मी लिफ्टपर्यंत हसत गेलो. दूरदृष्टी ही विकत मिळत नाही.

८ फेब्रुवारी
इंटरप्रिटर उतरवून घेतला. एवढासा आहे. प्रोग्रामला जोडला तर म्हणतो, हेडर फाइल, म्हणजे त्याच्या नावांची यादी, सापडत नाही. अरे, तुझ्या नाकासमोर आहे! तीन तास त्याला समजावलं. शेवटी कळलं की मी ती ‘नवीन फोल्डर कॉपी’ मध्ये ठेवली होती आणि तो ‘नवीन फोल्डर’ मध्ये शोधत होता. चूक त्याची नव्हती, पण अदब हवी होती.

चालायला गेलो नाही. डोकं बरंच चाललं.

१० फेब्रुवारी
हेडर सापडली. आता सगळे तुकडे एकत्र जोडणारा लिंकर रुसला. कंपायलर म्हणतो सगळी नावं ओळखीची, लिंकर म्हणतो यातलं कोणीच घरी नाही. पडदाभर लाल ओळी.

सरळ आहे, इंटरप्रिटर बनवणाऱ्यांचीच चूक. त्यांना कडक मेल लिहिली. जगात लाखो लोक वापरतात म्हणून काय झालं.

११ फेब्रुवारी
त्यांचं उत्तर आलं: पहिलं पान वाचा.

वाचलं. इंटरप्रिटर जुन्या भाषेत लिहिलेला, माझा गेम तिच्या धाकट्या बहिणीत. धाकटी प्रत्येक नावाला शेपूट लावते, थोरली लावत नाही, म्हणून लिंकरला ओळख पटत नव्हती. एका ओळीत मिटलं. हे मला आधीपासून वाटतच होतं.

१२ फेब्रुवारी, रविवार
झालं!!! दुभाषा बोलला! काळ्या खिडकीत पांढऱ्या अक्षरांत ‘नमस्कार’! मी हॉलमध्ये नाचलो. सोफ्यावर चढलो. बायकोला हाक मारली, ती ओले हात पुसत आली, पडद्याकडे बघितलं आणि विचारलं, आजोबा कुठे आहेत? मी म्हटलं, हा पाया आहे, आजोबा त्यावर येतील. ती म्हणाली, बरं, आणि दोरीवर कपडे टाकायला गेली.

पाया कोणाला दिसत नाही. म्हणूनच तो पाया. चहाचा नियम आजच्या दिवस स्थगित.

१६ फेब्रुवारी
बायकोने स्क्रिप्टमध्ये, म्हणजे तिच्या त्या साध्या फाइलमध्ये, आजोबांचं वाक्य बदललं. गेममध्ये जुनंच. परत बदललं, जुनंच. मी विचारलं, सेव्ह करतेस ना? दिवसभर कॉम्प्युटरवर बिलं करणाऱ्या बाईला हे विचारू नये, हे मला आता माहीत आहे. तिने आजोबांच्या तोंडी ‘अरे गाढवा, बदल की’ असं लिहिलं. तरी आजोबा शांतपणे ‘बसतो’.

१८ फेब्रुवारी
कारण सापडलं. फाइलच्या दोन प्रती होत्या. बायको एकीत लिहीत होती, गेम दुसरी वाचत होता. पहिलीवरून दुसरी तयार होते ती कंपाइल केल्यावर. म्हणजे कंपाइल करावं लागू नये म्हणून केलेली सोय वापरायला कंपाइल करावं लागत होतं. मजेशीर आहे, पण कोणाला सांगण्यासारखं नाही.

दुरुस्त करून मेहुण्याला कौतुकाने दाखवायला बोलावलं. गेम सुरू झाला, दुकानाचं दार उघडलं, आजोबा आले आणि माझ्याकडे बघून म्हणाले, अरे गाढवा, बदल की. मेहुणा हसून हसून खुर्चीवरून घसरला. म्हणाला, भाऊजी, एवढा जिवंत संवाद मी कुठल्याच गेममध्ये पाहिला नाही.

घेतलं कौतुक. कारण काही असो.

१९ फेब्रुवारी, रविवार
औषधंही आता स्क्रिप्टमधून येतात. आजोबांनी खोकल्याच्या गोळ्या मागितल्या, त्यांना डायपर मिळाले. बाळाच्या आईने डायपर मागितले, तिला दाढीची ब्लेडं. दाढीवाल्याला गुडघ्याचा पट्टा. शेवटचा माणूस हात पुढे करून उभा, त्याला काहीच नाही.

दुभाषा एकपासून मोजतो, माझी भाषा शून्यापासून. त्यामुळे प्रत्येकाला शेजाऱ्याचं औषध. मी बायकोला म्हटलं, हा दोन संस्कृतींमधला फरक आहे. ती म्हणाली की तिच्या दुकानात असा फरक झाला असता तर लायसन्स गेलं असतं आणि बहुतेक कोणीतरी माणूसही. एवढी चिडलेली तिला कधी पाहिली नव्हती. खोट्या औषधांवर!

एक मिळवून टाकला. मग खात्री म्हणून दुसऱ्या ठिकाणीही मिळवला. आता आजोबांना गुडघ्याचा पट्टा.

२२ फेब्रुवारी
आजोबा गायब. ‘बसू का जरा?’ म्हणतात, बसतात आणि अर्ध्या वाक्यात खुर्ची रिकामी.

उलगडा: इंटरप्रिटरबरोबर एक सफाईवाला येतो. जी गोष्ट कोणी धरून ठेवलेली नाही ती तो कचरा समजून टाकून देतो. आजोबांना माझ्या गेमने धरलं होतं, पण ते दुभाष्याला सांगितलेलं नव्हतं. सफाईवाल्याला वाटलं, याला विचारणारं कोणी नाही.

हे मी बायकोला फार रंगवून सांगितलं. ती हसली नाही. म्हणाली, खरे आजोबा पण महिनाभर आले नाहीत दुकानात. रोज दोन गोळ्या घ्यायला यायचे, पाकीट एकदम कधी घेतलं नाही, घेतलं असतं तर रोज यायला कारण उरलं नसतं. पत्ता कोणाला माहीत नाही.

आजोबांना दुभाष्याकडे पक्कं नोंदवून टाकलं. आता जात नाहीत. तिला दाखवलं. ती बराच वेळ बघत बसली.

२७ फेब्रुवारी
नवीन दुखणं. गेम थोडा वेळ झकास चालतो, मग लंगडतो, मग आडवा. दुभाषा प्रत्येक उत्तर एका ताटलीत वाढून देतो. उत्तर घेतल्यावर ताटली उचलायची असते. मी उचलत नव्हतो. ताटल्यांचा ढीग वाढून वाढून कोसळत होता.

बायकोने हे नीट ऐकून घेतलं आणि स्वयंपाकघरातल्या सिंककडे बोट दाखवलं.

दोन्हीकडच्या उचलल्या.

४ मार्च, शनिवार
शंकासुराने विचारलं, किती गिऱ्हाइकं चालतात? मी म्हटलं, स्क्रिप्ट गेम चालू असताना बदलता येते, चूक झाली तर लाल पट्टी येते, पट्टीचा लालही स्क्रिप्टमधून बदलता येतो. त्याने परत विचारलं, किती गिऱ्हाइकं? शंका काढायची सवय माणसाला आंधळं करते.

एक. आजोबा. बाकीचे नुसते औषधांच्या चाचणीपुरते उभे केलेले पुतळे.

बायकोने बारा जण लिहून ठेवलेत. ती म्हणाली की तिला लाल पट्टी नको, फक्त दार उघडून माणसं आत यायला हवीत. गुरुवारचा शब्द दिला. ती आणि मेहुणा जाड कागदावर सगळ्यांचे चेहरे छापून घेतायत, मागच्या भिंतीवर लावायला म्हणे. सजावटीत वेळ घालवू नका असं मी त्यांना समजावलं.

९ मार्च, गुरुवार
बाराच्या बारा! प्रत्येकाला आपापलं औषध! कोणी गायब नाही, कोणी आडवं नाही! बायकोने मला मिठी मारली आणि तशीच उभी राहिली. म्हणाली, मला वाटलं नव्हतं तू वेळेत करशील. मी म्हटलं, मला होतं. मलाही नव्हतं. मी इतका खुश आहे की जिन्यावरच्या शेजाऱ्यालाही सांगितलं, त्याने मला कुरियरवाला समजून सही करायला पेन मागितला.

पेन ड्राइव्हवर घेतलं. शंकासुर म्हणतो, दुसऱ्या मशीनवर एकदा चालवून बघ. मशीन म्हणजे मशीन! प्रकाशकबाईंसाठी भाषण तयार. त्यात बायकोचं नाव दोनदा घेतलंय.

१२ मार्च, रविवार, सकाळ
हॉलमध्ये. आयोजकांचं मशीन. पेन ड्राइव्ह लावला. दोनदा क्लिक केलं. एक करड्या रंगाची चौकट: इंटरप्रिटरची फाइल या मशीनवर नाही.

दुभाषा घरीच राहिला. गेमबरोबर तो आपोआप येतो असं मी धरून चाललो होतो. हॉलचं इंटरनेट बंद. बायकोचा चेहरा पांढरा पडला. मी म्हटलं, गेलो आणि आलो. बसमध्ये बसून हे लिहितोय. परिस्थिती पूर्ण ताब्यात आहे.

१२ मार्च, संध्याकाळ
फाइल घेऊन पोहोचलो तेव्हा दुपार टळून गेली होती. आमच्या टेबलासमोर रांग. वाटलं, मशीन दुरुस्त झालं. घुसलो, तर रांगेतल्या बाईने दटावलं. ओळख दिली तरी ऐकेना. म्हणून रांगेत उभा राहिलो, माझ्याच टेबलाच्या.

कॉम्प्युटर बंद. त्यावर मेहुण्याचं जाकीट. टेबलावर औषधांची रिकामी खोकी आणि जाड कागदावरचे चेहरे. मेहुणा एकेक चेहरा वर धरतो आणि बायको त्या माणसाचं बोलते. बाळाची आई तीच, दाढीवाला तीच. समोरच्याने ऐकायचं, विचारायचं, खोकं निवडून द्यायचं. माझ्या खुर्चीत प्रकाशकबाई, चपला काढून, पाय वर घेऊन. मेहुणा म्हणाला, दोन तास झाले, उठत नाहीत.

माझी पाळी आली. मेहुण्याने आजोबा वर धरले. बायको खोकली आणि म्हणाली, बसू का जरा? मी खिशात हात घातला तर हाताला पेन ड्राइव्ह लागला. तो तसाच ठेवला आणि गोळ्यांचं खोकं पुढे केलं. आजोबा म्हणाले, दोनच द्या, उद्या परत येतो. माझ्या डोळ्यांत पाणी आलं. हॉलमधला एसी फार होता.

भाषण झालं नाही.

१५ मार्च
प्रकाशकबाईंचा फोन. खेळ काढणार. बायको फोन ठेवून जमिनीवरच बसली आणि हसायला लागली, मग रडायला. मी तिला उचलून घरभर फिरवलं, पाठ धरली. मग तिने उरलेलं सांगितलं, फार हळू, पेशंटला सांगतात तसं. पत्त्यांचा खेळ. बारा पत्ते, छोटी खोकी, एक पुस्तिका. कॉम्प्युटर लागणार नाही. बाईंनी विचारलं होतं म्हणे की टेबलावर ते मशीन कशाला होतं, आणि मेहुण्याने सांगितलं की ते आमच्या भाऊजींचं आहे, त्यांना नाद आहे.

मी अभिनंदन म्हटलं आणि बाथरूममध्ये जाऊन नळ सोडून बसलो. वाईट वाटलं. इथे खोटं लिहून काय करू, खूप वाईट वाटलं. आणि आनंदही तेवढाच, त्याच नळाखाली.

१९ मार्च, रविवार
नवीन संकल्प. पत्त्यांचे कोपरे गोल कापायला एक छोटा प्रोग्राम हवाच. शंकासुर म्हणाला, कात्री? त्याच्याशी बोलणं बंद.

सकाळपासून जेवणाच्या टेबलावर कच्चे पत्ते पसरलेत. मला कापायचं काम दिलंय, मेहुण्याने पेन्सिलीने रेघा मारून दिल्यात. बाळाच्या आईचा पत्ता वाचता वाचता बायको थांबली. म्हणाली, नाही, ही असं नाही बोलणार. तिने खोडरबर घेतला, वाक्य खोडलं, नवीन लिहिलं, फुंकर मारली आणि पत्ता माझ्याकडे सरकवला.

मी विचारलं, झालं?

ती म्हणाली, झालं की. काप.