स्टॅम्पवरचं कुंकू

९ सप्टेंबर, मंगळवार
सकाळीच सांगलीहून कुंदाचा फोन. आधी हवापाणी, मग भाजीचे भाव, मग एकदम, "ताई, मी लग्न करतेय."
हातातला चहा ओट्यावर सांडला. माझी धाकटी बहीण, बँकेतून रिटायर झालेली. आईबाबांचं शेवटपर्यंत केलं, स्वतःचं काही केलं नाही. आता साठी उलटल्यावर बाईसाहेब फोनवर लाजतायत! मुलगा... मुलगा कसला, गृहस्थ. कुलकर्णी सर, भूगोल शिकवायचे. बायको जाऊन बरीच वर्षं झाली. सकाळी फिरायला जाताना ओळख झाली म्हणे. रजिस्टर लग्न, सहा फेब्रुवारी.
"साक्षीदार म्हणून तूच हवीस. माझं दुसरं कोण आहे?"
येते म्हटलं. फोन ठेवला आणि रडले. आनंदानेच.

१२ सप्टेंबर, शुक्रवार
बातमी इथे ब्रिटनमधल्या मराठी मंडळींत, पार एजवेअरपर्यंत पोचली. तिथल्या आमच्या जुन्या स्नेही नलूताईंचा फोन, अभिनंदन वगैरे, आणि मग विरजण. "उषा, तुझा कायमचं राहायचा स्टॅम्प जुन्या पासपोर्टवरच आहे ना अजून? मग जाशील खरी, पण परत कशी येशील?" त्यांना म्हणे मुंबईच्या काउंटरवर चांगलंच अडवून धरलं होतं. आता स्टॅम्प दाखवून भागत नाही, त्याऐवजी मध्ये कार्ड देत होते तेही बंद झालं. सगळं ऑनलाइन. 'नो टाइम लिमिट' नावाचा अर्ज करायचा, मग इंटरनेटवर आपलं नाव चढतं आणि विमानवाले तिथे बघतात.
ब्रिटिश पासपोर्ट घेतला असता तर ही वेळच आली नसती. पण हे म्हणायचे, घेऊ की पुढच्या वर्षी. मीही म्हणायचे, घेऊ की. एका माळेचे मणी. हे गेले, आणि पुढचं वर्ष काही आलं नाही.

१४ सप्टेंबर, रविवार
जुना पासपोर्ट काढला. कोपरा कापलेला, आत माझा तरुणपणीचा फोटो. केस बघून हसू आलं. स्टॅम्पचं पान उघडलं आणि हसू पळालं.
पान कसलं, पूजेचा पाट आहे तो! हळदीचे डाग, कुंकवाचे डाग, आणि त्याखाली कुठेतरी बिचारा स्टॅम्प. 'इंडेफिनिट' एवढं वाचता येतं. तारखेवर नेमका मोठा लाल ठिपका.
दर दसऱ्याचा ह्यांचा नियम. पाटावर माझं शिवणयंत्र, ह्यांची टूलबॉक्स, गाडीची किल्ली आणि घरातले सगळे पासपोर्ट. "कारागीर हत्यारं पुजतो. आपलं हत्यार हेच." तेही स्टॅम्पच्या पानावर उघडून ठेवायचे, मिटलेल्या पुस्तकाची कसली पूजा म्हणून. वर मी हळदकुंकू वाहायचे. माझा हात कायम सढळ.
आता सरकारला काय सांगू?

२० सप्टेंबर, शनिवार
मीरा कॅमडेनहून आली, लॅपटॉप घेऊन. माझी लेक इथेच जन्मलेली. मराठी बोलते, पण तिच्या मराठीत खुर्चीसुद्धा पुल्लिंगी होऊ शकते. लोक ह्या अर्जात कायकाय चुका करतात ते सगळं वाचून आली होती, आणि मी त्यातली एकही सोडली नाही.
पान बघितल्यावर, "ओ माय गॉड आई, हे काय केली तू?"
मी फक्त महत्त्वाचं पान स्कॅन करून ठेवलं होतं. तर म्हणे सगळी पानं हवीत, कोरीसुद्धा. स्कॅनमध्ये माझं बोट आलेलं. फोटोत मागे कॅलेंडर. भारतात कधी गेले त्या तारखा मी आठवणीतून भरल्या होत्या. तिने पासपोर्टवरच्या शिक्क्यांशी ताडून बघितल्या तर आईच्या आजारपणातली फेरी पूर्ण एक वर्ष चुकलेली.
"आई, यू कान्ट गेस!"
"गेस नाही, आठवतंय मला."
"दे डोन्ट वॉन्ट आठवण. दे वॉन्ट डेट."
पोरगी वैतागते पण उठत नाही. ह्यांच्यावर गेलीय. शाळेच्या किचनमधल्या नोकरीच्या जुन्या पगारपत्रकांचा गठ्ठा माळ्यावरून काढून तिनेच लावला. मी पिठलं-भात केला. अर्ज गेला.

२ ऑक्टोबर, गुरुवार. दसरा
शिवणयंत्र, टूलबॉक्स, किल्ली. पासपोर्ट मात्र प्लास्टिकच्या फोल्डरमध्ये, टेबलावर. पूजा चालू असतानाच मीराचा व्हिडिओ कॉल. "आई, पासपोर्टला टच नाही करायचा! प्रॉमिस?" केलं प्रॉमिस. लांबूनच अक्षता टाकल्या, एकदोन फोल्डरवर पडल्या असतील, त्याला माझा इलाज नाही.
आणि काम झाल्यावर तरी काय, सगळं फोनवर असणार. पुढच्या दसऱ्याला काय फोनला कुंकू लावायचं? ह्यांनी लावलं असतं. स्क्रीनवर.

१६ ऑक्टोबर, गुरुवार
बोटांचे ठसे द्यायची अपॉइंटमेंट. ह्या गावातले सगळे राउंडअबाउट, म्हणजे गोल चौक, फिरून वेळेआधीच पोचले. इतकी वर्षं किचनमध्ये भांडी उचलून बोटं गुळगुळीत झालीत, मशीन काही केल्या ओळखेना. काउंटरवरची बाई गोड होती, पुसून पुसून पुन्हा घेतले. मग जुना पासपोर्ट उघडला आणि विचारलं,
"इज दॅट करी, लव्ह?"
"नो. प्रेअर."
बिचारी कानापर्यंत लाल. सॉरी सॉरी म्हणाली. मला राग यायला हवा होता, पण गाडीत बसल्यावर हसूच फुटलं. खरंच आमटीसारखं दिसतंय ते.

१८ नोव्हेंबर, मंगळवार
ईमेल आली. पानात फेरफार झाल्यासारखा दिसतो, तारीख झाकली गेली आहे, खुलासा करा. दोन आठवड्यांची मुदत.
फेरफार! चोरी केल्यासारखं वाटलं. जेवण गेलं नाही. कुंदाला काही बोलले नाही, ती साडीच्या रंगावर बोलत होती. मोरपिशी का अबोली. अबोली म्हटलं.

२२ नोव्हेंबर, शनिवार
मीराशी भांडण. सगळं लिहून ठेवते, नाहीतर उद्या मीच साळसूद होईन.
तिचं म्हणणं, 'ॲक्सिडेंटल स्पिलेज' लिहू. डन.
"सांडलं नाहीये काही. दरवर्षी ठरवून केलंय."
"आई, त्यांना पूजाचा काय आहे? त्यांना फक्त एक रीझन पाहिजे."
"मग खरं रीझन देऊ."
"आणि त्यांनी नो म्हटली तर? मावशीच्या लग्नाला कशी जाणार तू?"
हे लागलं. कारण मलाही तीच भीती. जायला कोण अडवतंय, पण परत येता आलं नाही तर? हे घर, मीरा, सगळं इकडे. आणि नाही गेले तर कुंदा त्या कचेरीत एकटी. तरी मी चढ्या आवाजात म्हटलं, "खोटं लिहून गेले तर कुंदाच्या शेजारी सही कुठल्या हाताने करू?"
दार आपटून वर गेली. जिन्यावरून ओरडली, "बाबा असते तर त्यांनी माझं ऐकली असती!"
"बाबा असते तर त्यांनी अर्जालाही कुंकू लावलं असतं!"
 वरून खुसखुस. मग मीही हसले. पण पत्राचं काही ठरलं नाही.

२३ नोव्हेंबर, रविवार
मीरा जुना अल्बम घेऊन खाली आली, पायजम्यातच. फोटो समोर धरला.
आमचा जुना फ्लॅट, दसरा. पाटावर पासपोर्ट उघडे. आणि मीरा, चार वर्षांची, जीभ बाहेर काढून, लालभडक अंगठा माझ्या पासपोर्टवर दाबतेय. मागे ह्यांचा अर्धा चेहरा, हसताना.
विसरलेच होते मी! त्या वर्षी ह्यांनी तिला सांगितलं होतं, हा शिक्का पडला म्हणून आपण आता इथेच राहायचं. तर बयेने कुंकवात अंगठा बुडवला. "मी पण शिक्का मारते." आणि मारला, बरोब्बर स्टॅम्पच्या तारखेवर.
पासपोर्ट खिडकीपाशी नेला. नीट बघितलं तर ठिपका नाहीच तो. इवल्याशा अंगठ्याच्या बारीक रेषा अजून दिसतात. मीराने आपला अंगठा शेजारी धरून बघितला.
"आई, इट्स मी. हे माझी अंगठा आहे."
चूक सुधारली नाही मी.  हे इथे हवे होते, ह्या क्षणी, खिडकीपाशी.
दुपारी तिने स्वतःच पत्र लिहायला घेतलं. तारखेवरची खूण माझी आहे, मी चार वर्षांची होते, असं सुरुवातीलाच. 'स्पिलेज' नाही. दसऱ्याचं सगळं साध्या इंग्रजीत. मी एकच वाक्य घालायला लावलं, की ही पूजा त्या स्टॅम्पबद्दल आभार म्हणून होती.

२५ नोव्हेंबर, मंगळवार
पत्र गेलं, सोबत फोटो. मीराने तीनदा तपासलं, फाइल उलटी तर नाही ना, नाव नीट आहे ना. आता जे होईल ते होईल. बरं वाटतंय.

१४ जानेवारी, बुधवार. संक्रांत
उत्तर नाही. तिळगूळ केला, शेजारच्या मार्गारेटला दिला. तिला दात सांभाळ म्हणून बजावलं.
कुंदाला शेवटी सगळं सांगितलं. तिने सगळं ऐकून घेतलं. मग, "तुझं नाव दिलंय ताई. खोडणार नाही." कुलकर्णी सरांनी फोन घेतला. "तुम्ही अजिबात काळजी करू नका. आपण तारीख पुढे घेऊ. मी एवढी वर्षं थांबलो, आणखी थोडं थांबेन."
चांगला माणूस आहे. पण म्हटलं, "तारीख हलवायची नाही. थांबून थांबून तिचं अर्धं आयुष्य गेलंय." पलीकडे कुंदा नाक ओढत होती. अबोली साडी आली म्हणाली.

२५ जानेवारी, रविवार
काल ईमेल. पत्र आणि फोटो मिळाले, अर्ज निर्णयासाठी अधिकाऱ्याकडे आहे, आणखी काही पाठवायची गरज नाही. मीरा म्हणते हे गुड न्यूज आहे. मी म्हणते ही न्यूजच नाही. पण 'फेरफार' हा शब्द ह्या वेळी कुठे नाही, ते मी दोनदा वाचून बघितलं.
मीराचं तिकीट पक्कं, पुढच्या रविवारचं. माझं एजंटने दोन दिवस धरून ठेवलंय. मी पोचले नाही तर माझ्या जागी साक्षीदार म्हणून ती. म्हणून आज दिवसभर मराठीत सही करायला शिकत होती. 'मीरा'ची वेलांटी भिंतीवरच्या पालीसारखी वळते.
"नाही जमली तर माझी अंगठा लावते. त्याला एक्सपीरियन्स आहे."
दोन्ही बॅगा भरून दाराशी ठेवल्या. माझ्या बॅगेत दोन्ही पासपोर्ट, जुना वर. कुंकवाची डबी मात्र मीराच्या बॅगेत घातली. सांगून ठेवलं, मी आले नाही तर सही झाल्यावर मावशीच्या कपाळाला तू कुंकू लाव. बोटाने लाव, अंगठ्याने नको.
"तू येणार आहेस, तूच लाव," म्हणाली, आणि डबी काढून माझ्या बॅगेत टाकली.