बुधवारची सुट्टी

लंडन, १२ जून १९४५

प्रिय नेल,

तुझं पत्र परवा हाती आलं. पाच वर्षांनी तुझं अक्षर पाहिलं, आणि पहिल्याच ओळीत मिंके गेल्याचं. मी देश सोडला तेव्हा ती चार वर्षांची होती, माझी टोपी डोळ्यांवर ओढून घरभर धडपडायची. आठ वर्षांची मिंके कशी दिसत होती, हेही मला ठाऊक नाही. असला मी मामा! दोन दिवस नुसता रडतोय.

जर्मनांनी देश घेतल्यावर इथे पळून आलेलं आमचं सरकार म्हणजे भाड्याचं एक घर, गळकं छप्पर आणि देश हातात नसलेले मंत्री. "वाउटर, तू जन्मभर कारकुंडाच राहणार," असं तू चिडवायचीस ना? तसाच राहिलो. दोस्त राष्ट्रांची विमानं जर्मनांना मारायला म्हणून आपल्याच गावांवर बॉम्ब टाकायची, आणि आमचे मंत्री इंग्रजांचे उंबरे झिजवायचे, की निदान माणसं तरी वाचवा. गेल्या वर्षी आपल्या गावच्या रेल्वे कारखान्याची पाळी आली. साहेबांनी मला बोलावलं. "तू तिथलाच ना रे? त्या बाजूला माणसं कमीत कमी कधी असतात?" मी क्षणभरही थांबलो नाही. बुधवारी दुपारी, म्हणालो. कारखान्याला लागून शाळा, आणि बुधवारी दुपारी शाळेला सुट्टी, आपल्या आजोबांपासूनची. वर शेखीही मिरवली, "साहेब, तेव्हा तिथे मांजरसुद्धा सापडायचं नाही!" इंग्रजांनी बुधवार मान्य केला. साहेबांनी पाठ थोपटली. या कारकुंड्याच्या हातून एक तरी चांगलं काम झालं, असं वाटून मी त्या दिवशी शीळ घालत घरी गेलो.

दुसऱ्या शाळेत जर्मन शिपाई राहायला आले, म्हणून दोन्ही शाळा एकाच इमारतीत भरायच्या, त्यांची सकाळी, आपली दुपारी, आणि बुधवारची सुट्टी केव्हाच बंद झाली होती, हे मला तुझ्या पत्रातून कळलं. गावातल्या शेंबड्या पोरालाही ते ठाऊक होतं. माझं गाव मात्र मी निघालो त्या दिवशीच थांबलं होतं गं. मी त्याच गावाची माहिती दिली.

तू लिहिलंस, "तू सरकारात आहेस, बुधवार कोणी ठरवला तेवढं शोधून काढ. मला त्याला एकदा समोर बघायचंय." आणि खाली लिहिलंस, मिंकेची खाट माझ्यासाठी झाडून ठेवलीय, पाय बाहेर येतील, पण चालवून घे. मी शुक्रवारच्या बोटीने निघतोय. तुला सांगितल्यावाचून त्या खाटेवर मला अंग टाकता येणार नाही, म्हणून हे पत्र आधी धाडतोय. माफी मागायला तोंड नाही. दार उघडायचं की नाही, ते तू ठरव. मी बाहेर उभा असेन.

तू म्हणू दिलंस तर तुझाच,
वाउटर