माझ्या रानातला कागदावरचा कांदा

मी, तुळजाबाई राधाकिशन काळदाते, वय ७१, धंदा शेती, राहणार युसूफ वडगाव, ता. केज, जि. बीड, पूर्ण शुद्धीवर आणि कोणाच्याही दबावाशिवाय हे लिहून ठेवते. २०१९ साली केलेले मृत्युपत्र मी आज रद्द करीत आहे. त्यात माझी दोन एकर जमीन पुतण्या सुंदरराव याला दिली होती. आम्हाला मूलबाळ नाही. त्यालाच मुलगा मानलं.

रद्द करण्याचे कारण असे. गेल्या भादव्यात माझं सोयाबीन आठ दिवस पाण्यात राहून कुजलं. विमा नव्हता. फॉर्मची वेळ आली की सुंदरराव म्हणायचा, "काकू, रुपयाच्या विम्यात काय येतंय? काहून रांगेत उभं ऱ्हाता?" मी ऐकलं. यंदा मात्र एकटीच सेवा केंद्रावर गेले. तिथल्या मुक्ताबाईंनी गट नंबर टाकला आणि हळूच म्हणाल्या, "मावशी, तुमच्या जमिनीवर दोन वर्षं विमा भरलेला हाय. पीक कांदा, त्याला भरपाई जादा मिळती. नाव सुंदररावांचं." सोबत जमीन त्याला कसायला दिल्याचं माझं संमतीपत्र. मी ते कधी दिलेलं नाही. माझ्या रानात कांदा कधी लावलेलाच नाही.

घरी येऊन विचारलं. तो जेवत होता. म्हणाला, "कांदा नुसता कागदावर व्हता, काकू. तुमच्या सोयाबीनला मी हात लावला का?" आणि भाजी वाढून घेतली. तीन आठवडे झाले, ते वाक्य अजून माझ्या डोक्यात शिरत नाही.

सबब, जमीन विहिरीच्या हिश्श्यासह माझी भाची रोहिणी अजिनाथ तोंडे हिला द्यावी. दरवर्षी ऊसतोडीला जाताना तिच्या लेकरांची शाळा मोडते. रोहिणी, विमा स्वतः जाऊन भर. पेरशील तेच लिही.

राहत्या घरात जाऊबाई वत्सलाबाई यांनी हयातभर राहावे. नंतर ते रोहिणीचे. सुंदरराव त्यांचाच मुलगा, पण त्यांना यातलं काही ठाऊक नव्हतं.

सुंदररावला काही नाही. मी कृषी कार्यालयात दिलेली तक्रार माझ्यामागे कोणी परत घेऊ नये.

माझ्या नवऱ्याला अग्नी त्यानेच दिला होता. मला कोणी द्यावा, हे लिहिताना हात थांबला. दोन दिवस कागद तसाच ठेवला. त्यानेच द्यावा. त्याच्या जागी दुसरं कोणाचं नाव मला सुचत नाही.

सही : तुळजाबाई राधाकिशन काळदाते

आमच्या समक्ष वाचून सही केली :
१) म्हाळू निवृत्ती घुले
२) अभिमन्यू दगडू केदार

युसूफ वडगाव, ११ ऑगस्ट २०२५