पाय दाबून घेणे

१२ जानेवारी

चि. धाकटीस अनेक आशीर्वाद.

फोनवर तू मला मध्येच तोडतेस. पत्राला तोडता येत नाही, म्हणून लिहिते.

तुला तिकडे सुख आहे हे वाचून देवापुढे साखर ठेवली. मग सुखाची यादी पुन्हा वाचली. खोली झाडायला आठवड्यातून दोनदा बाई. कपडे धुऊन, इस्त्री करून घरपोच, मोजेसुद्धा घडी घालून. इमारतीत पोहायचा तलाव. आणि शनिवारी दुकानात जाऊन तासभर पाय दाबून घेणे. सगळं स्वस्त आहे असं तू चारदा लिहिलंस. लोक फुकट ते पौष्टिक म्हणतात, तू स्वस्त ते पौष्टिक केलंस. मोज्यांची घडी घालायला वेगळं माणूस लागतं हे मला माहीत नव्हतं.

दवाखान्यात दिवसभर उभ्याने लोकांचं रक्त काढायचं म्हणजे पाय दुखणारच, मान्य. पण पाय दाबणारी बाई माझ्या वयाची आहे म्हणतेस. वडीलधारीने तुझ्या पायांना हात लावायचा आणि तू मासिक चाळत बसायचं, हे मी कुठल्या वहीत मांडू? निदान उठताना तिच्या पाया पडत जा. म्हणजे फिटंफाट.

मी ठीक. गुडघा थोडा कुरकुरतो. वय झालं की बिजागऱ्या वाजायच्याच.

आठवण ठेव, लोभ तर आहेच.
आई

२ फेब्रुवारी

ती. आईस सा. नमस्कार.

तुझी आज्ञा पाळली. तास संपल्यावर खुर्चीतून उठले आणि सरळ बाईंच्या पायांवर डोकं टेकलं. त्यांना वाटलं मला घेरी आली. त्यांनी मालकिणीला हाक मारली. दोघींनी मला उचलून बाकावर आडवं केलं, लिंबूपाणी पाजलं आणि रक्त तपासून घ्यायला सांगितलं. रक्त काढणं हेच माझं काम आहे असं मी म्हणाले, तर मालकीण म्हणाली, मग तर कठीणच आहे.

पण वाकले तेव्हा त्यांचे पाय मला पहिल्यांदा दिसले. घोट्यापाशी इतके सुजलेले की चपलेचा पट्टा आत रुतला होता. तुमचे पाय कोण दाबतं, असं विचारलं. हसल्या. दिवसभर दुसऱ्यांचे दाबल्यावर घरी पायाचं नावसुद्धा नको वाटतं, म्हणाल्या. मी त्यांना खुर्चीत बसवून अर्धा तास पाय दाबले. मालकिणीने त्या अर्ध्या तासाचे पैसे माझ्याकडूनच घेतले. स्वस्त होतं.

आता तुझं. तू न्हाणीघरात पडलीस. डॉक्टरांनी तीन महिने खाली बसायचं नाही, नाहीतर गुडघ्याचं ऑपरेशन, असं बजावलं. तरी तू मोरीत बसूनच भांडी घासतेस. हे तिन्ही मला मामाकडून कळलं. 'कुरकुरतो' एवढंच तुझ्याकडून. धुण्याभांड्याला बाई ठेव. मी पाठवते ते पैसे माझ्याच नावाने बँकेत टाकतेस, तेही कळलंय. बाई ठेवली नाहीस तर इथली नोकरी सोडून मी भांडी घासायला येते. राजीनामा लिहून ठेवलाय, तारीख तेवढी घालायची आहे.

रागावलेली असले तरी तुझीच,
धाकटी

२४ फेब्रुवारी

चि. धाकटीस अनेक आशीर्वाद.

मामाच्या पोटात काही राहत नाही. राजीनामा फाड. बाई ठेवली.

पहिल्या दिवशी ती येण्याआधी मी भांडी घासून ठेवली. परक्या माणसापुढे खरकटं कसं टाकायचं? दुसऱ्या दिवशीही तेच. तिसऱ्या दिवशी तिने कमरेवर हात ठेवून विचारलं, मावशी, मला बोलावलंय ते भांडी बघायला का. मी म्हटलं, दोन ताटल्या आहेत की. तर म्हणाली, दोन ताटल्यांवर महिन्याचा पगार घेतला तर माझा देव मला विचारेल. बाई देवभोळी निघाली, त्यामुळे वाद घालता येईना.

पूजा आता स्टुलावर बसून करते. देवांनी अजून काही म्हटलेलं नाही.

परवा मामा डॉक्टरांकडे घेऊन गेला. गुडघ्याची सूज जागची हललेली नाही. महिन्याभरात उतरली नाही तर ऑपरेशन नक्की, म्हणाले. मी घाबरले आहे. हे मामाला बोलले नाही, तुला लिहिते.

पत्र लवकर टाक. वाट पाहणारी,
आई

१० मार्च

ती. आईस सा. नमस्कार.

तू घाबरलीस हे वाचून मीही घाबरले. शनिवारी पाय दाबणाऱ्या बाईंना तुझ्याबद्दल सांगितलं. त्या म्हणाल्या, पाय दाबून घेणं शिकावं लागतं. पहिल्यांदा येणारं माणूस पाय ताठ धरतं, उचलायच्या आधी आपणच उचलून देतं. त्याला वाटतं आपण मदत करतोय, आणि दाबणाऱ्याचं काम दुप्पट होतं. मीही तशीच होते म्हणे. सैल सोडायला मला पाच शनिवार लागले.

तुझ्याकडे पाच शनिवार नाहीत, आई. ताटल्या खरकट्याच राहू दे.

तुझ्या तब्येतीकडे डोळे लावून बसलेली,
धाकटी

९ एप्रिल

चि. धाकटीस अनेक आशीर्वाद.

सूज उतरली. डॉक्टर म्हणाले ऑपरेशन नको, पण अजून दोन महिने असंच राहायचं.

अक्षर वाकडं आहे, कारण पलंगावर पाय उशीवर ठेवून लिहिते आहे. सकाळचे अकरा वाजलेत. या वेळी मी आडवी, हे शेजारी कळलं तर लोक भेटायला येतील. बाई मोरीत धुणं धुते आहे. कामाला चांगली आहे, पण कढईच्या कडेला काळं ठेवते. आत्ता कढई स्वयंपाकघराच्या दारात पालथी घातली आहे आणि ते काळं मला इथून स्पष्ट दिसतंय.

उठले नाही.

कळावे, लोभ असू दे.
आई