कोपरा फाटलेलं कार्ड

४ एप्रिल १९६४, सातारा
सांगलीहून दत्तूचं पार्सल. संस्कृतातले जुने श्लोक, त्यानं मराठीत आणलेले. अख्खी वही हातानं लिहिलेली. डोळे पुरते जायच्या आत संपवली म्हणे. सोबत चिठ्ठी, सुनेच्या अक्षरात : 'गड्या, पहिला वाचणारा तू. कसं झालंय ते लवकर कळव. माझे फार दिवस राहिले नाहीत.'
शाळेपासूनचा दोस्त.

९ एप्रिल
सतराव्या श्लोकाशी अडकलो. घागर घेऊन निघालेली मुलगी. आमची ताई अशीच निघाली होती, परत आली नाही. पुढं वाचवेना.

११ एप्रिल
आभाराचं कार्ड टाकलं एकदाचं. सतराव्याचं, ताईचं, सगळं लिहिलं. ताईचं तर हिलाही कधी बोललो नाही. कोपऱ्यावर शाई सांडली, तेवढा कोपरा फाडून टाकला.

१७ एप्रिल
दत्तूचं पत्र, हिच्या नावानं! 'वहिनी, नाना गेल्याचं कळलं. अंघोळी केल्या.' आणि मी समोर चहा पितोय.
ही म्हणाली, "अहो, त्या कार्डाचा कोपरा फाडलात? मयताच्या पत्राचाच फाडतात ना तो!"
काय हा गाढवपणा. उद्या पहिल्या एस.टी.नं सांगली.

१८ एप्रिल, सांगली
सून जतकडची. मला दारात बघून हातातली परात पडली. मग रडायलाच लागली. "आवं, फाटका कोपरा दिसला, मागं तुमचा पत्ता. असलं कार्ड घरात आणत न्हाईत. भाईरच फाडलं, बंबात घातलं. वाचायचा धीरच झाला न्हाई."
म्हणजे एक अक्षरही कुणी वाचलेलं नाही.
दत्तू खाटेवर. म्हटलं, मी नाना, जिवंत आहे.
हसला. "रोज चारला येतोसच की रं. सतराव्यापाशी थांबलास म्हणालास. ताई आठवली म्हणालास."
मी सुनेकडे पाहिलं. सून हळूच म्हणाली, "चारला एकलेच बोलत बसत्यात."
त्याचा हात हातात घेतला. त्यानं माझा चाचपला आणि सोडून दिला. "तू कोण? नानाचा हात गार असतो."

२० एप्रिल, सातारा
नवं कार्ड. चारही कोपरे धड. आभार, सतरावा, ताई, पुन्हा सगळं. सून वाचून दाखवणार आहे. फक्त सही राहिलीय.
चार वाजले. पेन धरवत नाही, बोटं गार पडलीत. ही म्हणते, हवेत गारवा असेल.
एप्रिलात?